ओली काडेपेटी आणि एक मिलिमीटर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे डोक्याला ताप नको. मी गाणारा नाही, वाजवणारा नाही, आणि ‘ओली काडेपेटी’ हा बँड ज्या चौघांनी काढला त्यांच्यातला तर मुळीच नाही. मी मोटरी बांधतो. पंख्याची, पंपाची, मिक्सरची जळलेली मोटर माझ्याकडे येते, मी जुनी तार उपसतो, नवी भरतो, वार्निश पाजतो आणि ती फिरायला लागली की माझं काम संपतं. बापाचं दुकान, बापाचाच धंदा. दुकानाच्या माळ्यावर तो बँड जन्मला आणि चौदा महिन्यांनी तिथेच मेला, एवढाच माझा त्याच्याशी संबंध, असं मी सत्तावीस वर्षं लोकांना सांगत आलो. ते खोटं होतं.

गाणारी माझी धाकटी बहीण. घरात तिला आम्ही बारकी म्हणायचो. अंगाने बारकी, आवाजाने त्याहून बारकी. खालून हाक मारली की माळ्यावरून तिचं “आले रे दादा” असं यायचं, की चार मोटरी चालू असल्या तरी त्यांच्या वरून ऐकू जायचं. गिटार वाजवायचा तो प्रोफेसर. कुठल्याही कॉलेजात तो शिकवत नव्हता, शिकतही धड नव्हता, पण जाड भिंगांचा चष्मा आणि प्रत्येक गोष्टीवर मत, म्हणून प्रोफेसर. ड्रमवर ढोल्या, जो आता फरश्या विकतो. आणि चौथा एक दातांच्या कॉलेजातला मुलगा, तो बेस वाजवायचा. आज तो दातांचा डॉक्टर आहे, माझी अक्कलदाढ त्यानेच काढली. बँडचं त्याला विचारलं तर म्हणतो, “तोंड उघडं ठेवा.”

त्यांचं गाणं कसं होतं? मला विचाराल तर पहिले दोन महिने मला ते गाणंच वाटलं नाही. गिटारचा आवाज एका डब्यातून जायचा आणि पाच वेळा परत यायचा. प्रोफेसरला तेवढ्यानेही समाधान नाही. म्हणाला, आवाज खोलीभर फिरला पाहिजे. मग मी त्याला एका मोडक्या टेबलफॅनचं मुंडकं उडवून, मान हलवणाऱ्या त्या खालच्या भागावर स्पीकर बसवून दिला. स्पीकर डावीकडे जायचा, उजवीकडे यायचा, आणि माळ्यावर बसलेल्या माणसाला भिंती हलताहेत असं वाटायचं. प्रोफेसरने मला मिठी मारली होती. ह्या सगळ्या गढूळ आवाजाच्या वर बारकीचा आवाज यायचा, पातळ, स्वच्छ, तारेसारखा सरळ. मला बँडमधलं तेवढंच कळायचं.

‘जिना’ नावाचं त्यांचं एक गाणं आहे. आज तेच सगळ्यांना माहीत आहे. “खाली जाते, खाली जाते, जिना संपत नाही.” त्याच्यावर लोकांनी काय काय लिहिलंय! कुणी म्हणतं मरण, कुणी म्हणतं नैराश्य, एकाने तर मनाचे सात थर काढून दाखवलेत. अहो, तो आमच्या माळ्याचा जिना. अरुंद, अंधारा, अकरा पायऱ्या. त्याची खालून तिसरी पायरी सैल होती आणि बारकी रोज तिथे अडखळायची. मला चिडवायला तिने ते गाणं केलं. “दादा, तू पायरी ठोकत नाहीस ना, बघ आता तुझी अब्रू चव्हाट्यावर.” गाताना हसू दाबायची.

जाहीर कार्यक्रम त्यांचे साडेतीन झाले. साडेतीन अशासाठी की चौथ्यात टेबलफॅनने हॉलचा फ्यूज उडवला. मग सगळ्यांनी ठरवलं, आता कॅसेट काढायची.

आता इथेच घोडं पेंड खातं, म्हणून जरा नीट सांगतो.

एक भाषा शिकवणारी शाळा बंद पडली होती. तिथला रिळांचा टेप-रेकॉर्डर भंगारात निघाला आणि ढोल्याने तो खांद्यावर मारून आणला. मोटर ठीक होती, पण मोटरच्या दांड्यावरची पुली भोकात झिजून डगमगत होती. पुली म्हणजे ती चिमुकली चकती, जिच्यावरून रबरी पट्टा जातो. टेप किती वेगाने पुढे सरकणार ते त्या चकतीच्या जाडीवर ठरतं. जुनी काढायची, माप घ्यायचं, त्याच मापाची पितळी करून बसवायची. माझ्या हातचा मळ. मी व्हर्नियर लावला, सहा मिलिमीटर आले, शेजारच्या लेथवाल्याकडून सहाची पुली काढून आणली, बसवली. मशीन लोण्यासारखं फिरलं.

आमच्या दुकानावर बापाने पाटी लावली होती: ‘माप चुकणार नाही’. गिऱ्हाईक आलं की बाप पाटीकडे बोट करायचा. मीही करायचो.

चार दिवसांत सहा गाणी भरली. भरली, तिथेच वाजवून ऐकली, सगळे खूष. मग ते रीळ दुसऱ्या गावी, कॅसेटच्या प्रती काढणाऱ्याकडे पाठवलं. तीन आठवड्यांनी शंभर कॅसेटींचं खोकं आलं आणि सोबत रीळ परत आलं. दुपारची वेळ होती. आम्ही पाचही जण खाली दुकानात, मी हातातली मोटर बाजूला सारली, आणि बारकीने स्वतःच्या हाताने पहिली कॅसेट लावली.

गाणं सुरू झालं ते असं, की ढोल्या म्हणाला, “हे कोण गातंय?”

सगळं सावकाश. ड्रम चिखलातून चालल्यासारखे. आणि बारकीच्या जागी एक वेगळीच बाई, जड, झोपेतून बोलणारी, चाळीस वर्षांची. मग ‘जिना’ लागलं. हसू दाबत गायलेली ओळ रडू दाबत गायल्यासारखी झाली होती.

मला वाटलं, कॅसेटवाल्याने घोळ घातला. मी तोंड उघडणार, एवढ्यात प्रोफेसर उठून उभा राहिला. चष्मा काढलेला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, “हे किती भारी आहे. हेच मला हवं होतं.”

बारकीने त्याच्याकडे बघितलं. प्रोफेसर तिला सारखा म्हणायचा की तुझा आवाज गाण्याला पेलत नाही, थोडी खालून गा, छातीतून गा. तिने शांतपणे विचारलं, “तू केलंस हे?”

आता ह्या माणसाने काय म्हणायचं? “नाही” एवढंच. पण प्रोफेसरला ‘मला माहीत नाही’ हे शब्द आयुष्यात कधी जमले नाहीत. तो म्हणाला, “हो. मुद्दाम केलं. तुझ्या त्या चिवचिवाटाने गाणं मेलं असतं.”

बारकी उठली, आणि जिन्याकडे न जाता दारातून बाहेर गेली. तिचं जाकीट माळ्यावरच राहिलं. ती पुन्हा माळ्यावर चढली नाही, प्रोफेसरशी बोलली नाही आणि माझ्या ऐकण्यात तरी पुन्हा कधी गायली नाही. बँड संपला. चौदा महिने.

दुसऱ्या दिवशी मी जुनी पुली डब्यातून काढली. कशी कोण जाणे, शंका आली. नखाने कड खरवडली. काळं काहीतरी निघालं. आणखी खरवडलं. जुना रबरी पट्टा वर्षानुवर्षं वितळून त्या चकतीवर बसला होता, आणि वाळून असा कडक झाला होता की धातू आणि रबर वेगळं दिसत नव्हतं. सगळं साफ करून व्हर्नियर लावला. पाच.

मी रबराचं माप घेतलं होतं. पाचाच्या जागी सहाची पुली बसवली होती. म्हणजे आमचं मशीन जोरात पळत होतं. जोरात भरलेलं जोरातच वाजवलं तर कुणालाच काही कळत नाही. तीच टेप दुसऱ्या, सरळ चालीच्या मशीनवर लावली की सगळं सावकाश आणि जाड. कॅसेटवाल्याचा दोष नव्हता. प्रोफेसरचाही नव्हता. एका मिलिमीटरचा घोळ होता आणि तो माझा होता.

मग सांगितलं का नाहीस, असं विचाराल. विचाराच. मीही स्वतःला विचारतो. पहिला आठवडा वाटलं, ती जरा शांत होऊ दे. दुसरा आठवडा बाप दुकानात होता, त्याच्यासमोर पाटीकडे पाठ करून कसं सांगायचं? मग तिचं लग्न ठरलं, घरात धावपळ. मग मुलगी झाली, आता हे जुनं कशाला उकरा. मी मूग गिळून बसलो ते बसलोच. आणि पोरगी दीड वर्षाची असताना बारकीला ताप आला आणि आठव्या दिवशी ती गेली. त्यानंतर सांगायचं कुणाला?

तिच्या नवऱ्याने वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि गाव सोडलं. पोरगी आमच्याकडे आली. मला आणि माझ्या बायकोला मूल नव्हतं, तीच आमची झाली. मला मामा म्हणते, बायकोला मामी, आणि दोघांनाही सारखंच दटावते.

दहा वर्षांची असताना कुठून तरी तिला ती कॅसेट सापडली. ऐकून माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, आई अशीच बोलायची का?” मी मोटरीत तार भरत होतो. मान वर न करता म्हणालो, “गाताना माणसाचा आवाज बदलतो.” एवढं वाक्य. पुढे जे झालं ते सगळं त्या एका वाक्यावर झालं.

कुणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर टाकली आणि मग काय विचारता. पंचवीस वर्षं ज्याला कुत्रं विचारत नव्हतं ते गाणं लाखांनी ऐकलं. कॉलेजातली पोरं आमच्या दुकानाचे फोटो काढायला यायची. एकाने सैल पायरीवर बसून डोळे मिटले, मी त्याला उठवलं. चार नव्या बँडांनी आपली गाणी मुद्दाम संथ केली, आवाज जाड केले, आणि सांगितलं की आमचं मूळ ‘ओली काडेपेटी’त आहे. मी मनात म्हणायचो, तुमचं मूळ चिकटलेल्या रबरात आहे रे बाबांनो.

प्रोफेसरला सुगीचे दिवस आले. मुलाखती सुरू झाल्या. पहिल्या एक-दोन मुलाखतींत त्याने सांगितलं की आवाज मी मुद्दाम संथ केला. पण ते जरा हातचलाखीसारखं वाटत असावं. मग गोष्ट बदलली. “मी तिला सहा महिने खालच्या पट्टीत गायला शिकवलं. हा तिचा खरा आवाज होता, तो मी शोधला.” हे वाचलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायला मला तोंड कुठे होतं?

आणि भाचीने ते वाचलं. मोठी होऊन तीही गायला लागली होती. दिवसा चष्म्याच्या दुकानात काम, संध्याकाळी तालीम. तिचा आवाज हुबेहूब बारकीचा. पातळ, स्वच्छ, सरळ. घरात मोरीतून गाणं ऐकू आलं की माझा हात थांबायचा. आणि ती पोरगी आरशासमोर उभी राहून स्वतःला म्हणायची, “आईचं काहीच आलं नाही माझ्यात.”

प्रोफेसरने ठरवलं की मोठ्या नाट्यगृहात बँडची आठवण म्हणून कार्यक्रम करायचा आणि ‘जिना’ बारकीच्या लेकीने गायचं. पोरगी हरखून गेली. त्या दिवसापासून ती आवाज खाली ढकलायला लागली. सकाळी, जेवताना, आंघोळ करताना, सगळीकडे तोच घोगरा, ओढून आणलेला आवाज. महिन्याभरात तिचा घसा बसला. नुसतं “पाणी” म्हणताना आवाज फाटायचा.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून बघितलं आणि आम्हाला स्क्रीनवर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्या कडांवर समोरासमोर सूज. म्हणाल्या, “तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. आणि हा जो आवाज तुम्ही काढताय, तो तुमचा नाही. पुन्हा काढलात तर सूज राहणार नाही, गाठ होईल. मग गाणं विसरा.”

पोरीने बाहेर येऊन वहीवर लिहिलं: ‘तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू करते. कार्यक्रम तेव्हाच आहे.’

मी वाचलं आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पुली, रबर, पाच, सहा, सगळं. तिने हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं. मग म्हणाली, “इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपतोस आणि हे पोटात ठेवून?”

“काय करू आता?”

“मला काय विचारतोस? मशीन दुरुस्त कर.”

बायको अशी आहे. मी रडायला जागा शोधत असतो, ती मला पाना देते.

मशीन माळ्यावरच होतं, रीळही होतं, बारकीच्या जाकिटात गुंडाळलेलं. ते जाकीट मीच गुंडाळलं होतं. पट्टा पुन्हा वितळून काळी राळ झाला होता आणि माझ्या पितळी पुलीवर बसला होता. हसावं की रडावं कळेना. ह्या वेळी मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तासभर पुसलं. पितळ दिसलं, व्हर्नियर लावला. सहा. बरोबर सहा. जगात हे एकच मशीन होतं जे चुकीचं होतं, आणि म्हणून जगात हे एकच मशीन होतं जे बारकीला बरोबर वाजवणार होतं. दुसरा कुणी दुरुस्त करणारा असता तर त्याने पाचाची पुली बसवली असती आणि सगळं संपलं असतं. नवा पट्टा घातला, तेल दिलं, दांडा हाताने फिरवून बघितला. आठ दिवस लागले. रीळ मात्र मी लावून बघितलं नाही. धीर झाला नाही म्हणा.

रविवारी सकाळी पोरीला माळ्यावर बोलावलं. वही-पेन्सिल घेऊन आली, खोक्यावर बसली. बायको जिन्याच्या तोंडाशी उभी. मी म्हणालो, “आईचं मूळ रीळ आहे. ऐक.” आणि बटण दाबलं.

आधी खरखर. मग माळ्याचा आवाज, म्हणजे खाली चालणाऱ्या मोटरींची घरघर, जी कॅसेटवर कापली होती. आणि मग, गाण्याच्या आधी, बारकी बोलली. तेही कॅसेटवर नव्हतं आणि मी साफ विसरून गेलो होतो.

“दादा, मशीन नीट आहे ना?”

आणि माझा आवाज. तरुण, मस्तवाल. “एकदम फर्स्ट क्लास. तू गा.”

मी खुर्चीची पाठ धरली. तिकडे टेबलफॅनवरची गिटार फिरायला लागली, ड्रम टुणटुणीत पावलांनी आले, आणि त्याच्या वरून बारकी गायला लागली. “खाली जाते, खाली जाते.” भराभर, जिना उतरावा तशी. पातळ, स्वच्छ. “संपत नाही” म्हणताना हसू फुटलं ते तिने गिळलं, ते गिळलेलंही ऐकू आलं.

पोरगी एकटक मशीनकडे बघत होती. गाणं अर्ध्यावर असताना तिने वही ओढली, भराभर लिहिलं आणि माझ्यासमोर धरली.

‘हे माझं रेकॉर्डिंग कधी केलंस?’

मी म्हणालो, “ते तू नाहीस.”

तिने माझ्याकडे बघितलं. पुन्हा मशीनकडे बघितलं. हात आपसूक स्वतःच्या गळ्यावर गेला. गाणं संपेपर्यंत तिथेच होता.

मग मी सांगितलं. माप, रबर, प्रोफेसर, बारकीचं उठून जाणं. आणि ते वाक्यही, की गाताना माणसाचा आवाज बदलतो. एकही गोष्ट गाळली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं, पण तिला बोलायची बंदी. ती वहीवर लिहीत राहिली. एक पान, उलटं करून मागचं पान. पेन्सिलीचं टोक मोडलं, तिने नखाने लाकूड सोलून पुन्हा लिहिलं. मी हात पुढे केला, पण वही तिने मला दाखवली नाही. ती दोन्ही पानं फाडून घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली उतरली. तिसऱ्या पायरीवर अडखळली. त्या पानांत काय होतं ते मला आजही माहीत नाही.

पुढचे दहा-बारा दिवस तिने मला काही लिहिणंही बंद केलं. मामीला चिठ्ठ्या, मला नाही. जेवायला माझ्यासमोर बसायची आणि भिंतीकडे बघायची. मी म्हणालो, बरोबर आहे. मी ती पायरी ठोकली. सत्तावीस वर्षांनी, चार खिळे, पाच मिनिटांचं काम.

प्रोफेसरला मीच फोन करून बोलावलं. आला, माळ्यावर चढला, ऐकलं. केस पांढरे, चष्मा तोच. गाणं संपल्यावर त्याने जे विचारलं त्याने मी उडालोच.

“म्हणजे मी केलंच नव्हतं?”

“तू कसं करणार? तुला फ्यूज बदलता येत नाही.”

“मला वाटायला लागलं होतं की मी केलं.” त्याने चष्मा पुसला. “बारकीला हे कधी कळलं का?”

“नाही.”

“ती विचारत होती तेव्हा मी नाही म्हणालो असतो तर?”

“आणि मी दुसऱ्या दिवशी बोललो असतो तर?” मी म्हणालो. शिव्या द्यायच्या म्हणून मी त्याला बोलावलं होतं, पण निम्म्या मलाच लागल्या असत्या.

शेवटी तो म्हणाला, “पण कार्यक्रमाचं काय? लोक त्या जड आवाजासाठी येणार आहेत.”

जिन्यातून बायको म्हणाली, “लोकांकडे कॅसेट आहे. पोरीला गळा एकच आहे.”

प्रोफेसरने मान हलवली. मग गिटार काढली आणि तारा चढवायला लागला, बारकीच्या मूळ पट्टीपर्यंत. एक तार तुटली, तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं जणू तीही मीच बांधली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी नाट्यगृहात माइक-स्पीकरची तपासणी होती. तीन आठवडे झाले होते, डॉक्टरीणबाईंनी सकाळी पुन्हा दुर्बीण घालून परवानगी दिली होती, मात्र स्वतःच्या आवाजात आणि एकच गाणं. रिकाम्या खुर्च्या, मंचावर ढोल्या आपलं पोट ड्रममागे बसवत होता, दातवाला बेस पुसत होता. मी पहिल्या रांगेत कडेला बसलो होतो. टेबलफॅनवरचा स्पीकर मी नव्याने बांधून दिला होता, तेवढं निमित्त. पोरगी अजून माझ्याशी बोलली नव्हती. कुणाशीच बोलली नव्हती, तिचा पहिला शब्द अजून यायचा होता.

ती माइकसमोर आली. पाय जुळवून उभी राहिली, बारकी राहायची तशी, आणि हे तिला कुणी शिकवलेलं नाही. ध्वनीवाला मागून ओरडला, “काहीतरी बोला, आवाज बघायचाय.”

तिने सरळ माझ्याकडे बघितलं.

“मामा,” ती म्हणाली, “मशीन नीट आहे ना?”

सगळ्या नाट्यगृहात तो आवाज गेला. पातळ, स्वच्छ, सरळ. ढोल्याच्या हातातली काडी खाली पडली. प्रोफेसरने भिंतीकडे तोंड केलं.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. तेच, जुनं. ते मी गिळलं आणि उठलो.

“थांब पोरी,” म्हणालो. “बघून सांगतो.”

खिशातून पाना काढला, मंचावर चढलो आणि एकेक जोड हाताने तपासायला लागलो.